उशिरा येणारा

गेस्केबाई ग्रोनिंगेनहून डेल्फ्टला आल्या, दोन गाड्या बदलून.
हातात बिस्किटांचा डबा,
पर्समध्ये भिंतीच्या तड्यांचे अकरा फोटो,
प्रत्येकात मापासाठी एक नाणं चिकटवलेलं.
"माझ्या घराखालचा दगड तुमच्याकडे आहे म्हणे."

होता. चाळीस नंबरच्या खणात.
तीन किलोमीटर खोलून काढलेला,
मनगटाएवढा, तांबूस वाळूखडक.
त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला,
बाळ घेतात तसा नाही,
बाजारात कोबी घेतात तसा, वजन बघत.
"यात गॅस कुठे होता? हा तर भरीव आहे."

मी ड्रॉपरने वर एक थेंब ठेवला.
क्षणभर थेंब फुगून बसला,
मग नुसता ओला डाग,
मग तोही नाही.
आमच्या धंद्यात पाणी मुरतं ते खरंच मुरतं,
त्यात कुणी संशय घ्यावा असं काही नसतं.

त्याच्या जोडदगडाला मी आदल्या रात्री
निर्वात भांड्यात ठेवून पोटभर पाणी पाजलं होतं.
आता दोन्ही टोकांना चकत्या चिकटवल्या:
इकडून टिचकी, तिकडून कान.
पडद्यावर रेघ उठली.

"हा पहिला. दाबाचा.
यात वाळू आणि पाणी एकाच दिशेने जातात."
"हा कपाटातल्या कपांचा," त्या म्हणाल्या,
"आधी कप किणकिणतात."
"हा दुसरा, आडवा हलवणारा.
पाण्याला तो जमत नाही, ते नुसतं फरफटत जातं."
"हा भिंतीचा."
शिकवण्यासारखं त्यांनी माझ्यासाठी
फारसं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

म्हणून मी तिसऱ्याचं सांगितलं.
तो सगळ्यांच्या मागून येतो.
वाळूचा कण सरकतो एकीकडे
आणि पाणी नेमकं उलट,
कणाला घासत, सांदीकोपऱ्यातून वाट काढत;
त्या घासण्यातच त्याचा जीव जातो.
काचेच्या मण्यांच्या ठोकळ्यात तो दिसतो.
दाखवला. लहानसा, पण स्वच्छ.
"आणि माझ्या दगडात?"

त्यांच्या दगडात छिद्रांच्या तोंडाशी चिकणमाती होती.
चार हजार टिचक्या मारल्या,
सगळ्यांची सरासरी काढली.
गोंगाट हळूहळू खाली बसला, रेघ सपाट झाली.
एका जागी किंचित उचललेली वाटली,
पण ती मला हवी होती,
म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

"म्हणजे नाहीच?"
"निघतो. पोचत नाही.
वाटेतच ऊब होऊन संपतो."

त्यांनी डबा उघडला.
"डेर्क एकतीस वर्षं विहिरीवर होता,
गॅसच्या. दाबाचे काटे वाचायचा.
घर हललं की म्हणायचा, ट्रक गेला.
आमच्या गल्लीत ट्रक वळतसुद्धा नाही.
रविवारी शीळ घालत तडे लिंपायचा,
मी शिडी धरायची.
मार्चमध्ये, दवाखान्यात,
मला नाही, सलाइनची बाटली बदलायला आलेल्या मुलीला म्हणाला:
आकडे मीच लिहायचो. रोज उतरायचे.
दगडाला पाझर फुटला म्हणावं
तर तेवढंही नाही.
दोन वाक्यं. आणि ती मुलगी सुरिनामची,
तिला वाटलं, तापाचं बोलतोय."

मी काही जोडून दाखवलं नाही.
दगडाला नवरा नसतो,
आणि माझ्याकडे मोजमाप होतं ते फक्त दगडाचं.
कॉफी आणली.
त्यांनी बिस्किट बुडवलं,
जरा जास्तच वेळ धरलं,
अर्धं कपातच राहिलं.

चमच्याने ते शोधत त्यांनी विचारलं,
"अजून हजार टिचक्या मारता येतील?"
"येतील. वेळ लागेल."
"माझी गाडी सहाची आहे," त्या म्हणाल्या,
आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला.